छापलेल्या स्टीलचा एक नग कापून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेल्या अणुभट्टीच्या सुट्या भागांवरचा लेख वाचला. धातुशास्त्रासारख्या विषयाला जागा दिलीत याबद्दल मनापासून आभार. लेखाचा सगळा भर मात्र एकाच गोष्टीवर होता: लेसरने छापलेलं ३१६एल स्टेनलेस स्टील नेहमीच्या स्टीलपेक्षा दुपटीने मजबूत असतं. त्यावर पुढच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं की अणुभट्टीत असले प्रयोग मुळातच नकोत. दोन्ही वाचून अस्वस्थ झाले, म्हणून हे लिहिते आहे. मी धातुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुने कापायचे, पॉलिश करायचे, आम्लाने कोरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अहवाल लिहायचा, हे माझं रोजचं काम. छापलेलं स्टीलही आता नियमितपणे माझ्या टेबलावर येतं. मला ते आवडतं, आणि ते अणुभट्टीत जावं असंच माझं मत आहे. पण ते कोणत्या अटींवर जावं, याबद्दल लेखात एक ओळही नव्हती.

आधी हे स्टील काय आहे ते थोडक्यात सांगते. ३१६एलमध्ये साधारण १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल, २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. अणुभट्टीतल्या नळ्या, पंप, झडपा, गाभ्यातले आधार अशा कितीतरी जागी ते आणि त्याची भावंडं अनेक दशकं काम करत आहेत. नेहमीच्या पद्धतीत ते भट्टीत वितळवतात, ओततात, लाटतात किंवा घडतात, आणि मग हवा तो भाग यंत्रावर कापून काढतात. प्रिंटिंगमध्ये १५ ते ४५ मायक्रॉन व्यासाच्या कणांची पावडर प्लेटवर पातळ पसरतात. आर्गॉन किंवा नायट्रोजनच्या वातावरणात लेसरचा ठिपका तिच्यावरून फिरतो, जिथे फिरतो तिथली पावडर वितळून खालच्या थराशी एकजीव होते, प्लेट एका थराइतकी खाली सरकते आणि पुन्हा पावडर पसरली जाते. ४० मायक्रॉनचा थर धरला तर १० सेंटीमीटर उंचीच्या भागाला अडीच हजार थर लागतात. म्हणजे ही अडीच हजार वेळा केलेली बारीक वेल्डिंगच आहे, आणि वेल्डिंगचे सगळे गुणदोष तिला लागू होतात.

असा नमुना उभा कापून, बेकलाइटमध्ये बसवून, डायमंड पेस्टने पॉलिश करून, १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात दीड मिनिट विजेचा प्रवाह दिला की त्याच्यावर माशाच्या खवल्यांसारख्या कमानी उमटतात. प्रत्येक कमान म्हणजे लेसरच्या एका फेरीत वितळून गोठलेलं डबकं. लाटलेल्या प्लेटच्या नमुन्यात सरळ कडांचे बहुकोनी कण, म्हणजे धातूचे स्फटिक, दिसतात. इथे कण लांबट असतात आणि खालच्या थरातून वरच्या थरात कमानी ओलांडत चढत जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर या कणांच्याही आत साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या पेशींचं जाळं असतं आणि त्या पेशींच्या भिंतींत डिसलोकेशन्स, म्हणजे स्फटिकातल्या दोषरेषा, दाटीने अडकलेल्या असतात. डबकं सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतं, त्यामुळे ही रचना तशीच गोठून राहते. ताकद येते ती या जाळ्यातून. तापवून मऊ केलेल्या नेहमीच्या ३१६एलचं यील्ड, म्हणजे कायमचं वाकण्याआधी ते सोसू शकतं तो ताण, मानकांनुसार किमान १७० मेगापास्कल असावं लागतं. छापलेल्या स्टीलमध्ये ४०० ते ५०० मेगापास्कल सहज मिळतं, आणि न तुटता ताणलं जाण्याचा गुण, म्हणजे तन्यता, तोही जात नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या गटाने २०१७ मध्ये हे नीट दाखवून दिलं, तेव्हा आमच्या क्षेत्रात खरंच आनंद झाला होता. ताकद आणि तन्यता एकत्र मिळणं ही धातुशास्त्रात रोजची गोष्ट नाही.

मग माझी हरकत कशाला? कारण ही वाढीव ताकद बऱ्याचदा अणुभट्टीपर्यंत पोहोचतच नाही. छापलेल्या भागात आत सूक्ष्म पोकळ्या असतात आणि थंड होताना साठलेले ताण असतात. हे घालवायला अनेकदा भाग हिपिंगला पाठवतात. बंद भांड्यात साधारण ११५० अंश सेल्सियसला, १०० मेगापास्कलच्या आसपासच्या आर्गॉनच्या दाबाखाली तो काही तास ठेवायचा, की पोकळ्या दाबून मिटतात. त्याच उष्णतेने पेशींचं ते जाळंही विरघळतं, कण नव्याने तयार होतात आणि कमानी पुसल्या जातात. ताकद पुन्हा नेहमीच्या स्टीलच्या जवळ येते. आणि ते ठीकच आहे! अणुभट्टीतल्या नळीला किंवा आधाराला जितकी ताकद लागते तितकी साध्या ३१६एलमध्ये आधीपासून आहे. तिथले भाग ताकद कमी पडली म्हणून सहसा निकामी होत नाहीत. ते तडकतात, झिजतात, पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने थकतात. म्हणून प्रश्न विचारायचा तो तड्यांविषयी.

चिवटपणाचंच घ्या. नमुन्याला खाच पाडून हातोड्याने तोडण्याची चार्पी चाचणी केली, तर छापलेलं ३१६एल लाटलेल्या स्टीलपेक्षा बऱ्याच कमी ऊर्जेत तुटतं, हिपिंगनंतरही. कारण पावडरमध्ये आहे. कण जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, आणि जितका पृष्ठभाग जास्त तितका ऑक्सिजन जास्त. तो मँगनीज आणि सिलिकॉनशी जोडला जाऊन ऑक्साइडचे अतिसूक्ष्म गोळे बनतात. तुटलेल्या पृष्ठभागावर पाहिलं तर खळगे दिसतात आणि कित्येक खळग्यांच्या तळाशी असा एक गोळा बसलेला असतो. तिथून पोकळी सुरू झाली, वाढली, शेजारच्या पोकळीला मिळाली. स्टील तरीही ठिसूळ नसतं, हे मुद्दाम सांगते. ते वाकून, ताणून मगच तुटतं. पण लेखात ‘सर्वच बाबतींत सरस’ असं म्हटलं होतं, ते बरोबर नाही. पावडर उरली की चाळून पुन्हा वापरतात. ती कितव्यांदा वापरली, मध्ये किती दिवस उघडी होती, यावर हा ऑक्सिजन ठरतो आणि तो अहवालात लिहिलेला असतोच असं नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. ‘९९.९ टक्के घनता’ हा आकडा प्रिंटिंगच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतो, आपल्या लेखातही होता. अडीच हजार थरांच्या भागात ०.१ टक्का म्हणजे अडीच थरांइतकी पोकळी. ती भागभर गोल बुडबुड्यांच्या रूपाने विखुरलेली असेल तर मला फारशी चिंता वाटत नाही. तीच सगळी एकाच उंचीवर, चपट्या फटींच्या रूपात आली असेल, तर तो भाग मी कुठेही बसवू देणार नाही. आकडा दोन्हींचा एकच.

या पोकळ्या दोन वेगळ्या कारणांनी होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गल्लत होऊच शकत नाही. लेसरची ऊर्जा जास्त झाली की डबक्यात वाफेची खोल, अरुंद पोकळी तयार होते. तिचं तोंड मिटलं की तळाशी गोल बुडबुडा अडकतो. ऊर्जा कमी पडली की थराला थर नीट चिकटत नाही आणि वेडीवाकडी, टोकदार, आडवी फट राहते. तिच्या आत न वितळलेले पावडरचे गोल कण जसेच्या तसे बसलेले दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रशिक्षणार्थी मुलांना मी नेहमी हीच फट दाखवते, कारण एकदा पाहिली की ती विसरता येत नाही. ही फट थराच्या प्रतलात असते. भागाला उभं ओढलं की ती तड्यासारखीच वागते. ती बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचली असेल तर हिपिंगनेही मिटत नाही, कारण दाबाचा वायू आतच शिरतो. बुडबुड्यात आर्गॉन अडकला असेल तर तो स्टीलमध्ये विरघळत नाही. हिपिंगने बुडबुडा बारीक होतो आणि पुढे कधी उष्णता मिळाली तर पुन्हा फुगू शकतो.

कुणी म्हणेल, एक्स-रे काढा, अल्ट्रासॉनिक करा. करतातच. पण चपट्या फटीवर एक्स-रे समोरून पडला तर फिल्मवर काहीच उमटत नाही, तो तिच्या प्रतलाच्या दिशेने जावा लागतो. सीटी स्कॅन चांगला, पण स्टील जाड झालं की किरण पार जात नाहीत आणि बारीक फटी धूसर होतात. लांबट, एकाच दिशेने वाढलेले कण ध्वनिलहरी विखुरतात आणि वाकवतात, हा त्रास या जातीच्या (ऑस्टेनिटिक) स्टीलच्या नेहमीच्या वेल्डमध्येही आहे. शिवाय ज्या भागांसाठी प्रिंटिंग खरोखर उपयोगाचं, म्हणजे आत वळणावळणाच्या वाहिन्या असलेले भाग, त्यांच्या आतल्या भिंतींपर्यंत कोणतंच उपकरण सहजी पोहोचत नाही. त्या भिंती खडबडीत असतात, अर्धवट चिकटलेले कण तिथे तसेच राहतात, आणि थकव्याचा तडा अशाच जागेहून सुरू होतो.

म्हणून नमुन्याची चाचणी घेतात. भागाबरोबर त्याच प्लेटवर एक छोटा उभा ठोकळा छापतात, त्याला कूपन म्हणतात, आणि तो कापून तपासतात. माझ्याकडे येतात ते बहुतेक हेच. आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. एका ग्राहकाकडून आलेला कूपन अगदी स्वच्छ होता; शोधूनही फट सापडेना. त्याच प्लेटवरचा एक भाग मापात बसला नाही म्हणून नाकारला गेला होता. तो मी मागून घेतला आणि वाकणाच्या जागी कापला. वाकणाच्या खालच्या अंगाला, जिथे भाग पावडरवर तरंगत छापला जातो, तिथे गोल बुडबुड्यांची रांग होती. त्याच भागाच्या दुसऱ्या टोकाला आडव्या फटी होत्या. कारणं दोन्हींची साधी आहेत. खाली घन धातू असला की उष्णता त्यातून निघून जाते. खाली सैल पावडर असली की ती उष्णता वाहून नेत नाही, डबकं तापत जातं आणि वाफेची पोकळी खोल होते. प्लेटच्या ज्या बाजूला वायूचा प्रवाह जातो त्या बाजूला धूर आणि उडालेले शिंतोडे जाऊन पडतात; लेसरची ऊर्जा तिथे धुरात अडते किंवा मोठ्या शिंतोड्याखाली पावडर वितळायची राहते. कूपन सरळ उभा, कोपऱ्यात, स्वच्छ हवेत. त्याच्यावर यातलं काहीच ओढवत नाही. कूपनचा अहवाल खरा होता. तो फक्त कूपनबद्दल होता.

लाटलेल्या प्लेटमध्ये असं होत नाही. तिथे धातू आधी तयार होतो, त्याला हीट नंबर, म्हणजे त्या वितळीचा क्रमांक, मिळतो, त्याची चाचणी होते आणि मग त्यातून दहा आकाराचे दहा भाग कापले तरी धातू तोच राहतो. छापलेल्या भागात धातू आणि आकार एकाच वेळी जन्माला येतात. आकार बदलला की धातू बदलतो. म्हणून एका आकाराचं प्रमाणपत्र दुसऱ्या आकाराला चालू नये, आणि अणुभट्टीसाठी छापलेल्या प्रत्येक प्लेटवरचा एक पूर्ण नग कापून तपासला गेलाच पाहिजे. हे महाग आहे, मला माहीत आहे. मोठा, एकटाच छापला जाणारा भाग असेल तर एक जास्तीचा छापावा लागेल. यंत्रं आता प्रत्येक थराचं छायाचित्र घेतात, डबक्याचा प्रकाश मोजतात आणि त्यावरून ‘भाग निर्दोष’ असं सांगतात. ही सोय उत्तम आहे. कुठे कापायचं हे ठरवायला तिचा जरूर उपयोग करावा. कापण्याऐवजी ती चालवू नये.

दुसरी अट नोंदींची. यासाठी फ्रान्समधलं उदाहरण प्रत्येकाने पाहण्यासारखं आहे. २०२१ च्या अखेरीस सिव्हो इथल्या अणुभट्टीत आपत्कालीन थंडाव्याच्या नळ्यांच्या वेल्डपाशी ताण आणि क्षरण यांच्या एकत्र परिणामाचे तडे सापडले. स्टील ३१६एलच होतं, अशा तड्यांना दाद न देणारं म्हणून नावाजलेलं. त्यानंतर तपासणी आणि दुरुस्तीसाठी अनेक अणुभट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या आणि २०२२ मध्ये तिथलं अणुवीज उत्पादन तीसेक वर्षांतल्या नीचांकावर गेलं. २०२३ मध्ये तिथल्याच पेन्ली १ अणुभट्टीत सर्वांत खोल तडा मिळाला: २७ मिलिमीटर जाडीच्या नळीत २३ मिलिमीटर खोल आणि १५५ मिलिमीटर लांब. ही नळी आधी कमी धोक्याची समजली गेली होती. पण तिथला वेल्ड अणुभट्टी बांधतानाच दोनदा दुरुस्त केलेला होता. दुरुस्तीने धातूत ताण साठले आणि तीस वर्षांहून जास्त काळाने ते असे बाहेर आले. तशी नोंद होती म्हणून कारणापर्यंत पोहोचता आलं.

छापताना अशी दुरुस्ती कोणती? यंत्र मध्येच थांबणं. पावडर पसरवणारी पट्टी एखाद्या वर आलेल्या कडेला अडकते, वायूचा दाब पडतो, फिल्टर भरतो. यंत्र थांबतं, भाग थंड होऊन आकसतो, मग कुणीतरी सगळं ठीक करून पुन्हा सुरू करतं. बाहेरून पाहिलं तर त्या उंचीवर केसाइतकी रेघ दिसते, कधी दिसतही नाही; घासून पॉलिश केली की नाहीच. आत मात्र तो एक थर वेगळ्या तापमानाच्या धातूवर छापलेला असतो. मी नमुना कापायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारते: यंत्र कुठे थांबलं होतं का, कितव्या थराला? उत्तर कधी लगेच मिळतं, कधी बरेच फोन करावे लागतात. अणुभट्टीच्या भागाबाबत हे उत्तर भागावर कोरलेल्या क्रमांकाशी कायमचं जोडलेलं हवं. पावडरचा लॉट, ती कितव्यांदा वापरली, तिचा ऑक्सिजन, यंत्राच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, प्रत्येक थांबा, कापलेल्या नगाची छायाचित्रं हे सगळं.

आणि किती काळ? अणुभट्ट्या आता ६० वर्षं आणि त्याहून जास्त चालवण्याचे बेत असतात. तोवर यंत्र बनवणारी कंपनी राहील का, आजची फाइल उघडेल असं सॉफ्टवेअर राहील का, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. स्लोव्हेनियातल्या क्रश्को प्रकल्पात २०१७ मध्ये सीमेन्सने छापलेला १०८ मिलिमीटर व्यासाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक, अग्निशमनाच्या पंपात बसवला, तो का? मूळ भाग १९८१ पासून चालत होता, तो बनवणारी कंपनी बंद झाली होती आणि तिच्या रेखाकृती मिळत नव्हत्या. जुना भाग मोजून, संगणकावर नव्याने उभा करून छापावा लागला. प्रिंटिंगचा हा खरा मोठा उपयोग आहे, आणि त्याच गोष्टीत इशाराही आहे. आज छापलेल्या भागाची माहिती एखाद्या बंद पडलेल्या सर्व्हरवर राहिली, तर चाळीस वर्षांनी दुसरं कुणी तिथेच अडेल. नोंद साध्या, कुणालाही वाचता येईल अशा स्वरूपात आणि निदान दोन जागी, त्यातली एक नियामक संस्थेकडे, असावी.

नोंदींबद्दल मी इतकी आग्रही का आहे, असं वाटेल. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या क्रझो इथल्या घडाई कारखान्याच्या सुमारे ४०० फाइलींत गडबड सापडली. काही १९६० च्या दशकापासूनच्या होत्या. घडीव भाग हे तर शंभर वर्षांचं मुरलेलं तंत्र. जुन्या तंत्रात कागद बिघडू शकतात, तर नव्या तंत्रात सुरुवातीपासूनच ते चोख ठेवलेले बरे.

किरणोत्साराबद्दल लेखात अजिबातच काही नव्हतं, तेव्हा तेही थोडं सांगायला हवं. गाभ्यात न्यूट्रॉन धातूच्या अणूंना त्यांच्या जागेवरून सतत हुसकत राहतात. १९६७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डौनरे इथल्या जलद अणुभट्टीतलं स्टेनलेस स्टील तपासताना कॉथॉर्न आणि फुल्टन यांना त्यात अतिसूक्ष्म पोकळ्या सापडल्या. स्टील चक्क फुगत होतं. तोवर याची कुणाला कल्पना नव्हती. अणुभट्टीत ठेवून पाहिलं तेव्हाच ते कळलं. छापलेल्या स्टीलच्या बाबतीत आशेला जागा आहे: पेशींच्या त्या दाट भिंती न्यूट्रॉनने केलेले दोष पकडून जिरवतील असा तर्क आहे आणि अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेच्या एचएफआयआर या संशोधन अणुभट्टीत नमुने ठेवून तो तपासलाही जातो आहे. उलट बाजूने, हिपिंगने त्या भिंती गेल्या की हा फायदाही जातो. घाई करणारे म्हणतात, आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करून वर्षांचं नुकसान काही तासांत घडवता येतं. येतं. पण आयन काही मायक्रॉनच आत शिरतात आणि छापलेला एक थरच ३०–४० मायक्रॉनचा असतो. थर आणि थर यांच्या सांध्यावर काय होतं, ते अशा चाचणीत कुठून दिसणार? त्यासाठी खऱ्या अणुभट्टीत, खऱ्या पाण्यात, वर्षं घालवावी लागतात.

पावडरबद्दल आणखी एक. निकेलबरोबर कोबाल्ट थोडंफार येतंच. न्यूट्रॉन शोषून ते कोबाल्ट-६० होतं, त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, आणि देखभाल करणाऱ्या माणसांना मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेत त्याचा मोठा वाटा असतो. इतर कामांसाठीची पावडर याची पर्वा करत नाही. एकाच यंत्रात आधी कोबाल्टचा मिश्रधातू छापून मग हे स्टील छापलं तर यंत्राच्या सांदीकोपऱ्यांत उरलेले पावडरचे कणही मिसळू शकतात. अणुकामासाठी यंत्र वेगळंच ठेवावं.

हे सगळं वाचून पत्रलेखक वाचकाला वाटेल की मी त्यांचीच बाजू घेते आहे. तसं नाही. आतापर्यंत ज्या क्रमाने हे भाग अणुभट्टीत गेले आहेत तो क्रम मला शहाणपणाचा वाटतो. आधी क्रश्कोचा इंपेलर, गाभ्यापासून दूर. मग २०२० मध्ये अमेरिकेतल्या बायरन १ अणुभट्टीत वेस्टिंगहाउस कंपनीचा छापलेला थिंबल प्लग, जो इंधनजुडग्यातल्या रिकाम्या नळ्यांतून पाणी वाया जाऊ देत नाही. २०२१ मध्ये तिथल्याच ब्राउन्स फेरी २ मध्ये ओक रिजला छापलेले स्टेनलेस स्टीलचे चार चॅनल फासनर, इंधनजुडग्याभोवतीचा चौकोनी चॅनल जागेवर धरणारे. तिथे ते सहा वर्षं ठेवून मधूनमधून तपासायचे असं ठरलं. गाभ्यातले हे भाग लहान आहेत, इंधनाबरोबर बाहेर काढता येतात, आणि दाब पेलणाऱ्या भिंतीचा ते हिस्सा नाहीत. एखादा बिघडला तरी गाभ्यातून फिरणाऱ्या पाण्याचा मार्ग फुटत नाही. ते बाहेर येतील तेव्हा त्यांना जाड शिशाच्या आडोशामागे यांत्रिक हातांनी कापून पाहिलं जावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा तो एक काप जास्त सांगेल. ‘असले प्रयोग नकोत’ म्हणून हे थांबवलं, तर जुन्या अणुभट्ट्यांना सुटे भाग मिळणार नाहीत आणि मग त्या जुनेच थकलेले भाग घेऊन चालत राहतील. त्यात कुणाची सुरक्षितता?

दाब पेलणाऱ्या नळ्या आणि झडपा मात्र यानंतरची पायरी आहे, आणि बाहेर आलेल्या भागांचे निष्कर्ष सर्वांसमोर आल्याशिवाय ती चढू नये. निष्कर्ष कंपन्यांच्या कपाटात राहिले तर त्यांचा उपयोग नाही. एकाच्या यंत्रात थांब्याच्या थरावर तडा आला, तर ते दुसऱ्या देशातल्या यंत्रचालकालाही कळलं पाहिजे.

संपादक महोदय, आपल्या लेखकांना एक विनंती पोहोचवावी. यापुढे छापलेल्या भागाची बातमी देताना ताकदीचा आकडा जरूर द्या, पण त्याबरोबर हिपिंग झालं होतं का, पावडर कितव्यांदा वापरलेली होती, यंत्र मध्ये थांबलं होतं का, आणि त्या प्लेटवरचा नग कापून कुणी पाहिला होता का, हेही कंपनीला विचारा आणि मिळालेलं उत्तर छापा. उत्तर मिळालं नाही तर तसंही छापा.

आपली नियमित वाचक,
एक धातुपरीक्षक